पॅकार्ड कुणी बुडवली? एकशेवीसने, की परक्या पत्र्याने?

जुना_पत्रा (धागाकर्ता)

कॅडिलॅकच्या धाग्यावर दोन-तीन जणांनी सहज लिहून टाकलं की पॅकार्ड या अमेरिकेतल्या उंची मोटारींच्या कंपनीने १९३५ साली स्वस्तातली गाडी काढली, नाव घालवलं आणि कंपनी बुडाली. हे इतक्या ठिकाणी छापून आलंय की आता कुणी तपासून बघत नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. त्या स्वस्त गाडीने, म्हणजे वन-ट्वेन्टीने (एकशेवीसने), पॅकार्डला वीस वर्षं जास्त जगवलं. घात झाला १९४१ मध्ये, बॉडी बाहेरून करून घ्यायला लागले तेव्हा. तो कळायला मात्र १९५३ चा डिसेंबर उजाडला.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा लीहाय विद्यापीठातून शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर. ओहायोतल्या वॉरन गावात भाऊ विल्यमबरोबर त्याचा विजेच्या सामानाचा धंदा होता. १८९८ मध्ये त्याने विंटन गाडी घेतली, ती सारखी बंद पडू लागली, तक्रार घेऊन तो अलेक्झांडर विंटनकडे गेला, तेव्हा विंटनने त्याला स्वतःच गाडी बनवून बघ म्हणून सुनावलं, अशी गोष्ट सांगतात. शब्द काय होते ते सोडा, ६ नोव्हेंबर १८९९ ला वॉरनच्या रस्त्यावर एक सिलिंडरची पहिली पॅकार्ड धावली हे पक्कं. ती गाडी अजून लीहाय विद्यापीठात आहे. पुढे हेन्री जॉय आणि डेट्रॉइटच्या इतर पैसेवाल्यांनी भांडवल घातलं आणि १९०३ मध्ये कंपनी डेट्रॉइटला ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर आली. वास्तुकार अल्बर्ट कानने तिथली १० नंबरची इमारत १९०५ मध्ये सळई घातलेल्या काँक्रीटची केली. खांब लांब लांब, खिडक्या मोठ्या, मजल्यावर भरपूर उजेड. मोटार कारखान्यांची पुढची सगळी घडण तिथून निघाली.

१९१५ मध्ये कंपनीचा इंजिनियर जेसी व्हिन्सेंटचं ट्विन सिक्स आलं. १२ सिलिंडर, ६० अंशांचा व्ही, ४२४ घन इंच, म्हणजे ६.९ लिटर. १९२१ मध्ये हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेला, तो असा जाणारा पहिला अमेरिकी अध्यक्ष, आणि ती गाडी ट्विन सिक्स होती. विसाच्या दशकात अमेरिकेत 'चांगली गाडी' म्हटलं की कॅडिलॅकच्या आधी पॅकार्डचं नाव निघे आणि खपातही पॅकार्ड पुढे होती. दरवर्षी नवीन मॉडेल काढायची पद्धत त्यांनी पाळलीच नाही. 'सीरिज' असत, बदल करण्यासारखं काही साधलं की नवी सीरिज. रेडिएटरचा वरचा भाग जोखडाच्या आकाराचा, चाकाच्या टोपीत लाल षटकोन. गाडी लांबून ओळखू यायची.

आता मंदी. १९२८ च्या सुमाराला वर्षाला ५० हजारांच्या घरात असलेला खप १९३४ मध्ये जेमतेम ८ हजारांवर आला. पिअर्स-अ‍ॅरोने स्वस्त गाडी काढली नाही, १९३८ ला दुकान बंद. मार्मन १९३३ ला गेली, ड्यूझेनबर्ग १९३७ ला. ज्यांनी 'नाव' राखलं त्या सगळ्या स्मशानात. कॅडिलॅक वाचली कारण मागे जनरल मोटर्सची तिजोरी होती. पॅकार्डच्या मागे कुणीच नव्हतं.

वन-ट्वेन्टी जानेवारी १९३५ मध्ये आली. १२० इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), २५७ घन इंचांचं सरळ आठ सिलिंडरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, हायड्रॉलिक ब्रेक. आणि गंमत बघा, त्या वर्षी मोठ्या पॅकार्डला अजून वायरचे ब्रेक होते! किंमत ९८० डॉलरपासून. मोठी पॅकार्ड २,३०० च्या पुढे सुरू व्हायची. पहिल्याच वर्षी २५ हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. १९३७ ला सहा सिलिंडरची धाकटी बहीण आली आणि एका वर्षात कंपनीचा आकडा लाखाच्या पार गेला. ही पडझड म्हणायची असेल तर माझं मराठी कच्चं आहे.

बॉडीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

शरयू

छान धागा. पण वकील पक्षकाराच्या प्रेमात पडलाय असं वाटलं. :)

दोष किमतीचा नव्हता, हे मान्य. दोष नावाचा आणि चेहऱ्याचा होता. जनरल मोटर्सनेही स्वस्त कॅडिलॅक काढलीच, पण तिला १९२७ मध्ये 'लासाल' असं वेगळं नाव दिलं आणि काम झाल्यावर १९४० ला ते नाव पुसूनही टाकलं. कॅडिलॅकच्या कपाळावर डाग नाही. पॅकार्डने ९८० डॉलरच्या गाडीला तेच रेडिएटर, तोच लाल षटकोन दिला. शेजाऱ्याकडे हजार डॉलरची पॅकार्ड उभी असताना आपण चार हजार का मोजायचे, असा प्रश्न ज्याला परवडत होतं त्यालाच पडू लागला.

तरी मंदीत ते क्षम्य होतं. महायुद्धानंतर काय? १९४६ ते ४९ चाकं लावलेलं काहीही खपत होतं. वरच्या वर्गात परत चढायची तीच वेळ होती. तेव्हा यांनी भर दिला क्लिपर या स्वस्त मॉडेलवर, टॅक्सीसुद्धा विकल्या. कॅडिलॅकने त्याच काळात १९४८ ला शेपटीचे पंख आणि १९४९ ला ओव्हरहेड व्हॉल्व्हचं व्ही-८ आणलं. पॅकार्डचं व्ही-८ यायला १९५५ लागलं. सहा वर्षं!

हे पॅकार्डचा तेव्हाचा अध्यक्ष जेम्स नॅन्स यालाही कळलं होतं. १९५६ मध्ये त्याने क्लिपर हा वेगळा ब्रँड म्हणून नोंदवला, गाडीवरून पॅकार्डचं नाव काढलं. डीलरांनी बोंब ठोकली आणि वर्षाच्या मध्येच बारीक अक्षरात 'पॅकार्ड' परत आलं. वीस वर्षं उशिरा केलेलं शहाणपण.

टॅपेट

सरळ आठचा अपमान सहन केला जाणार नाही. :) १९४० चं ३५६ घन इंचांचं इंजिन घ्या. नऊ मेन बेअरिंग, हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग), १६० अश्वशक्ती, क्रँकचं वजन शंभर पौंडांच्या वर. चालू आहे की बंद हे बॉनेटवर हात ठेवून कळायचं. १९५४ चं ३५९ तर २१२ अश्वशक्तीचं होतं, नऊ बेअरिंग आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. गिऱ्हाइकाला मात्र तोवर 'व्ही-८' ही दोन अक्षरं हवी होती. लांबलचक इंजिन म्हणजे लांबलचक नाक, आणि बाजूचे व्हॉल्व्ह असले की कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. तिथे ते अडले.

फेरफटका

वाचतोय. एक शंका. झीस-११० या रशियन गाडीसाठी पॅकार्डने साचे विकले, हे खरं का?

जुना_पत्रा

@फेरफटका, दिसायला झीस-११० म्हणजे १९४२ ची मोठी पॅकार्डच, यात वाद नाही. स्टालिनला पॅकार्ड आवडायच्या. पण दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तर पत्रे एकमेकांना बसत नाहीत, वक्र वेगळे आहेत. रशियनांनी समोर नमुना ठेवून स्वतःचे साचे केले असंच त्यावरून म्हणावं लागतं.

@शरयू, नावाचा मुद्दा अर्धा मान्य. उरलेला अर्धा बॉडीकडे वळवतो.

१९४१ च्या एप्रिलमध्ये क्लिपर आली. रुंद, बुटकी, पायरी जवळजवळ लपलेली, त्या वर्षीची सगळ्यात देखणी अमेरिकन गाडी (हे माझं मत). तिची बॉडी पॅकार्डने स्वतः केली नाही, डेट्रॉइटच्या ब्रिग्जकडून घेतली. नगामागे थोडे पैसे वाचत होते. युद्ध संपल्यावर सगळ्याच बॉड्या ब्रिग्जकडून येऊ लागल्या आणि पॅकार्डची स्वतःची पत्राकामाची खाती मोडली. पत्रा दाबणारे, जोडणारे, दरवाजे बसवणारे हात पांगले. मोठी गाडी ओळखू येते ती दरवाजा बंद होतानाच्या आवाजावरून, आणि तो आवाज आता दुसऱ्याच्या छताखाली तयार होत होता.

जानेवारी १९५२ मध्ये वॉल्टर ब्रिग्ज वारला. वारसांना कर भरायचा होता. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी बॉडीचे कारखाने साडेतीन कोटी डॉलरला क्रायस्लरला विकले. क्रायस्लरने पॅकार्डला कळवलं की १९५४ चं मॉडेल संपेपर्यंत बॉड्या मिळतील, पुढचं तुमचं तुम्ही बघा. प्रतिस्पर्ध्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग नॅन्सने कॉनर अव्हेन्यूवरचा ब्रिग्जचाच एक कारखाना क्रायस्लरकडून भाड्याने घेतला आणि बॉडीबरोबर सगळी जुळणीही तिथे नेली. ईस्ट ग्रँडला ३५ लाख चौरस फूट जागा पडून, आणि गाडी जोडायची साडेसात लाख चौरस फुटांत. कारण एकच, एका मजल्यावर सगळं असलं की मजुरी वाचते असा हिशेब होता. लाइनला वळायलाही जागा नव्हती. १९५५ चं मॉडेल म्हणजे नवं इंजिन, नवं सस्पेन्शन, सुधारलेला गिअरबॉक्स, आणि हे सगळं नव्या कारखान्यात एकदम. पाणी आत गळणाऱ्या काचा, न बसणारे दरवाजे, उरलेलं काम डीलरच्या माथी. १९५५ ला ५५ हजारांच्या आसपास गाड्या झाल्या, त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या तेजीच्या मानाने कमीच. १९५६ ला २९ हजारही नाहीत. ज्यांनी १९५५ ची घेतली त्यांनी शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल ते या घसरणीत दिसतं. 'ज्याच्याकडे आहे त्याला विचारा' ही यांची १९०१ पासूनची जाहिरात. लोकांनी विचारलं.

मिशिगनकर

ईस्ट ग्रँडच्या इमारतींची पुढची हकीगत: डिसेंबर २०१३ मध्ये लिलावात सगळा परिसर ४ लाख ५ हजार डॉलरला गेला, जानेवारी २०१९ मध्ये रस्त्यावरचा प्रसिद्ध पूल कोसळला आणि २०२२ पासून पाडकाम झालं. पॅकार्डचं काही बघायचं असेल तर शेल्बी टाऊनशिपमधल्या चाचणी मैदानावर जा. अडीच मैलांचा लंबगोल ट्रॅक होता, आतल्या इमारती अल्बर्ट कानच्याच. वॉरनलाही पॅकार्ड संग्रहालय आहे.

नॅन्सवर मात्र सगळं ढकलू नका. नॅश कंपनीचा प्रमुख जॉर्ज मेसन चार मोटार कंपन्यांना एकत्र आणायच्या विचारात होता: नॅश, हडसन, स्टुडबेकर, पॅकार्ड. नॅश-हडसन १ मे १९५४ ला एक झाले, स्टुडबेकर-पॅकार्ड १ ऑक्टोबरला, आणि ८ ऑक्टोबरला मेसन वारला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज रॉम्नीला यात रस नव्हता. शिवाय स्टुडबेकरच्या वह्या नीट न तपासता सही झाली. साउथ बेंडला, म्हणजे स्टुडबेकरच्या कारखान्यात, वर्षाला १ लाख ६५ हजार गाड्या गेल्या की खर्च निघतो असं सांगितलं होतं. पॅकार्डच्या हिशेबनीसांनी नंतर बसून काढला तो आकडा २ लाख ८२ हजार! तेवढ्या गाड्या स्टुडबेकर विकतच नव्हती. म्हणजे प्रत्येक गाडीमागे तोटा, आणि तो भरायचा पॅकार्डच्या शिलकीतून.

(आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्स जोडत असे ती हीच स्टुडबेकर.)

पेठेतला_फिटर

इतिहास झाला, आता बॉनेट उघडा. १९५५-५६ च्या व्ही-८ बद्दल 'टॅपेट वाजतात, इंजिन टाकाऊ' असं सर्रास ऐकू येतं. इंजिन टाकाऊ नाही. ३२०, ३५२ आणि ३७४ घन इंचांचं एकच कुटुंब, ब्लॉक भक्कम. चूक ऑइल पंपात आहे, आणि ती का झाली ते समजून घेण्यासारखं आहे.

त्या काळी वायपर व्हॅक्यूमवर चालत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम पडतो आणि नेमके पावसात वायपर थांबतात. त्यावर उपाय म्हणून पॅकार्डने ऑइल पंपाच्या बुडाशीच एक छोटा व्हॅक्यूम पंप जोडला, एकाच दांड्यावर. चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या भांड्यात), तेलात बुडालेला. दोन पंपांमधल्या सांध्यातून हवा तेलाच्या बाजूला ओढली जाते. तेलात फेस. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेलाऐवजी बुडबुडे गेले की ते दबतात आणि खडखडतात. त्यात पंपाच्या दांड्याला खालून पुरेसा आधार नाही, तो हलून पंपाची भिंत खातो आणि गरम इंजिनाचा आयडलवरचा दाब पडतो. दोन रोग एकाच जागी.

आधी निदान. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, किमान अर्धा तास चालवून. डॅशबोर्डवरच्या काट्यावर भरवसा न ठेवता ब्लॉकला वेगळा गेज लावा. आयडलला खडखड आणि दाब कमी, पण आरपीएम वाढवल्यावर थोड्या वेळाने शांत, तर पंप. दाब ठीक आणि एक-दोनच टॅपेट वाजताहेत, तर ते टॅपेट चिकटलेत, काढून धुवा. लांब पल्ल्याच्या वेगानंतर सगळेच एकदम वाजायला लागले तर फेस. लगेच गाडी बाजूला घेऊन डिपस्टिक बघा, तेलावर बारीक बुडबुडे दिसतात.

काम असं:

तेल काढा, चेंबर उतरवा. बुडाचा गाळ फेकण्याआधी बोटांनी चाळा, पितळेची चकाकी दिसली तर बेअरिंगही बघावे लागणार. पंप काढून खालचा व्हॅक्यूम पंप कायमचा वेगळा करा. त्याच्या जागी जाड, सपाट घासलेली प्लेट लागते, आणि त्या प्लेटमध्ये दांड्याच्या टोकासाठी ब्राँझचा बुश. नुसती पातळ पट्टी ठोकून भोक बंद केलं तर हवा थांबते, पण दांडा हलतोच, म्हणजे अर्धंच काम. प्लेट बसवायच्या आधी गिअरवर सरळ पट्टी ठेवून फीलरने (फट मोजायच्या पातळ पात्याने) फट बघा. जास्त असेल तर पंपाच्या बॉडीचं तोंड काचेवर बारीक एमरीने आठाच्या आकारात घासून कमी करा. दांडा हाताने फिरवून बघा, कुठेही अडायला नको. पंपात तेल भरूनच चढवा. व्हॅक्यूमच्या नळीचं ब्लॉकवरचं तोंड बंद करायला विसरू नका. इंजिन चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंपाचा दांडा फिरवा, गेजवर दाब आला की मग स्टार्टर. कोरडं चालू केलं तर नवे टॅपेट पहिल्याच मिनिटाला मार खातात.

काही जण अ‍ॅडॉप्टर लावून जनरल मोटर्सचा पंप बसवतात. चालतं. पण मूळ पंपाची बॉडी खाल्ली गेलेली नसेल तर बुशची प्लेट स्वस्त आणि पुरेशी.

वायपर आता फक्त मॅनिफोल्डवर चालणार, म्हणजे चढावर थांबणार. मुंबईच्या पावसात हे चालायचं नाही, इलेक्ट्रिक मोटर बसवा. पण त्याआधी खालचं वाचा.

बारा_व्होल्ट

@पेठेतला_फिटर +१. 'त्याआधी खालचं वाचा' यात माझाच नंबर दिसतोय.

१९५५-५६ च्या पॅकार्डला बॅटरी १२ व्होल्टची आहे, पण अर्थिंग पॉझिटिव्हचं. बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला. आजचा कुठलाही मेकॅनिक १२ व्होल्ट दिसलं की सवयीने उणे टोक सांगाड्याला लावतो. लावल्यावर बल्ब पेटतात, स्टार्टर फिरतो, सगळं ठीक वाटतं. जनरेटर मात्र उलटा भरतो, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात, नंतर लावलेलं इलेक्ट्रॉनिक काही असेल तर ते तत्क्षणी जातं. चुकून लागलंच असेल तर इंजिन चालू न करता बॅटरी सरळ लावा, मग जनरेटरचं फील्ड क्षणभर टोचून त्याची ध्रुवता परत बसवा. बाजारातली वायपर मोटर घेताना तिची बॉडी उणे टोकाला जोडलेली नाही ना, हे मल्टिमीटरने बघा. असेल तर रबराच्या वॉशरवर वेगळी बसवावी लागेल.

१९५४ आणि त्याआधीच्या गाड्या ६ व्होल्टच्या. 'सकाळी स्टार्टर ओढत नाही, १२ व्होल्ट करून टाकू' हा सल्ला दहापैकी नऊ वेळा चुकीचा. ६ व्होल्टला तेवढीच ताकद द्यायला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल बोटाएवढी जाड हवी. दुकानात मिळते ती आजच्या गाड्यांची बारीक. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या टोकावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर), दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा सांधा दोषी. तसंच अर्थच्या बाजूला, बॅटरी ते इंजिनचा ब्लॉक. तिथला रंग खरवडून लखलखीत धातू काढा. तक्रार बहुतेक तिथेच मिटते.

शरयू

१९५५ च्या सस्पेन्शनबद्दल कुणी लिहाल का? टॉर्शन-लेव्हल. जाहिरातीतलं नको, चालतं कसं ते.

टॅपेट

लिहितो, कारण पॅकार्डने शेवटच्या काळात केलेली ही खरी अक्कल आहे. कल्पना विल्यम अ‍ॅलिसनची.

कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटे नाहीत. दोन्ही बाजूंना सांगाड्याच्या लांबीने एकेक लांब पोलादी दांडा. त्याचं पुढचं टोक पुढच्या चाकाच्या हाताला, मागचं टोक त्याच बाजूच्या मागच्या चाकाच्या हाताला. मधे सांगाड्याला कुठेही घट्ट नाही. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा पिळतो आणि तोच पीळ मागच्या चाकाला खाली रेटतो. त्यामुळे नाक वर न जाता गाडी सपाट उचलली जाते. खड्डा जातो, डुलकी जात नाही.

पण यात एक खोच आहे. दोन्ही टोकं एकमेकांनाच बांधलेली, मग डिकीत चार माणसांचं सामान टाकलं तर गाडीला सी-सॉसारखं मागे बसण्यापासून कोण अडवणार? त्यासाठी मागे दोन आखूड दांडे आणि त्यांना पिळणारी इलेक्ट्रिक मोटर. मागची बाजू खाली गेली की एक स्विच जुळतो, पण मोटर लगेच चालत नाही, सात सेकंद थांबते. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला मोटर पुढे-मागे करत बसली असती. सात सेकंद बसलेलीच राहिली तर मग घर्रर्र करत गाडी आपली आपण सपाट होते. १९५५ साली!

बिघाड बहुतेक विजेचेच. गाडी नाक वर करून किंवा शेपूट वर करून अडकली तर दांड्यांना हात लावू नका, आधी मोटरला वीज पोचते का बघा. स्विचची जोडणी चिखलाच्या माऱ्यात आहे, टोकं हिरवी पडतात. मोटर एकाच दिशेला चालते आणि दुसऱ्या दिशेला नाही, तर त्या बाजूचा सोलेनॉइड (मोटरला वीज सोडणारा चुंबकी स्विच).

आणि हे लक्षात ठेवाच: पंक्चर काढायला जॅक लावण्याआधी डॅशबोर्डखालचा सस्पेन्शनचा स्विच बंद करा. जॅकने गाडी उचलली की स्विचला वाटतं उंची बदलली, सात सेकंदांनी मोटर चालू होते आणि जॅकवरची गाडी हलते. लांब दांडे तर त्यासाठी केलेल्या खास हत्याराशिवाय उतरवायचेच नाहीत. त्यात साठलेला पीळ हात मोडतो.

फेरफटका

जबरदस्त. म्हणजे यांच्याकडे इंजिनियर होते, फिटर उरले नव्हते.

मिशिगनकर

मर्मावर बोट. १९५६ चे बटणांचे गिअर घ्या. स्टिअरिंगच्या बाजूला बटणांची छोटी पेटी, आणि खाली गिअरबॉक्सवर दांडा फिरवणारी मोटर. दिसायला झकास. चढावर हँडब्रेक न लावता पार्कचं बटण दाबलं की गाडीचं सगळं वजन आतल्या खुंटीवर येतं. सकाळी त्या मोटरची ती खुंटी सोडवायची ताकद नसते, ब्रेकर उडतो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून क्रम पाळायचा. पायाने ब्रेक, मग हँडब्रेक, गाडी त्यावर टेकू द्यायची, मग पार्क. आतलं ग्रीस घट्ट झालं तरी मोटर तशीच धापा टाकते. ती उघडून जुनं ग्रीस पूर्ण धुवा, कम्युटेटर साफ करा, पातळसर ग्रीस लावा.

आतला ट्विन अल्ट्रामॅटिक बॉक्स मात्र घरचाच. १९४९ चं मूळ अल्ट्रामॅटिक फॉरेस्ट मॅकफार्लंडचं, लहान कंपन्यांपैकी पॅकार्डनेच स्वतःच्या बळावर ऑटोमॅटिक गिअर केला. १९५५ च्या सुधारणेत तरुण जॉन डिलोरियनचाही हात होता. सिग्नलला शर्यत लावणाऱ्यांच्या हाती हा बॉक्स टिकत नाही, गिअर बदलताना क्लच जळतो. मवाळपणे चालवला तर वर्षानुवर्षं बोलत नाही.

पेठेतला_फिटर

आपल्याकडच्या रॅलींत दिसतात त्या बहुतेक तिशी-चाळिशीच्या दशकातल्या, संस्थानिकांनी मागवलेल्या. त्यांचे रोग वेगळे. पटकन सांगतो.

बिजुर वंगण: मोठ्या पॅकार्डला डॅशबोर्डपाशी एक दांडी असते. ती ओढली की एका टाकीतून बारीक नळ्यांनी सांगाड्याच्या सांध्यांना तेल जातं. रोज एकदा ओढायची. या टाकीत कुणीतरी ग्रीस किंवा गिअर ऑइल भरतं आणि सगळ्या नळ्या तुंबतात. प्रत्येक सांध्यापाशी तेल मोजून सोडणारा छोटा प्लग असतो, तो साफ होत नाही, बदलावाच लागतो. दांडी सावकाश परत गेली पाहिजे. झटकन परत आली तर कुठेतरी नळी तुटलीय, अजिबात आली नाही तर तुंबलीय.

जस्ताचं ओतकाम: त्या काळच्या डेट्रॉइट ल्युब्रिकेटर कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. त्यात शिशाचा अंश राहिला की धातू आतून फुगतो, वाकतो, चिरा पडतात. वेल्डिंग होत नाही, कुणी 'करून देतो' म्हणालं तर पळा. नवीन ओतून घेतलेला भाग किंवा त्या मापाचा दुसरा कार्बोरेटर, हेच दोन पर्याय.

इंधन: आपल्याकडचं इथेनॉल घातलेलं पेट्रोल जुन्या पंपाचा डायफ्रॅम खातं. कार्बोरेटरचा फ्लोट बुचाचा असेल तर त्यावरचं शेलॅक विरघळून फ्लोट बुडतो आणि पेट्रोल ओसंडतं, आगीला निमंत्रण. डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, फ्लोट पितळेचा. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी गुदमरत असेल तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. इंजिनजवळ लावून उपयोग नाही, वाफ तिथेच होते.

शरयू

अवांतर, पण राहवत नाही: कारखान्यातून एसी घेऊन येणारी पहिली गाडी पॅकार्डच, १९४० ची. २७४ डॉलर जादा. यंत्र क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉकचं, थंड कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे. थर्मोस्टॅट नाही, कॉम्प्रेसरला क्लच नाही, इंजिन चालू की एसी चालू. बंद कसा करायचा? बॉनेट उघडून पट्टा काढायचा.

टॅपेट

:D आणि हिवाळा संपला की परत चढवायचा.

जुना_पत्रा

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या पोस्टपेक्षा चांगला झाला.

@शरयू, नावाबद्दल अजून अर्ध्यावरच आहे. पण हेही बघा. सप्टेंबर १९४० मध्ये याच कंपनीने रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाचा करार केला. सगळे आराखडे अमेरिकन पद्धतीने नव्याने काढले. आटे मात्र ब्रिटिश मापाचेच ठेवले, म्हणजे सुटे भाग दोन्हीकडे चालावेत, आणि त्यासाठी आटे पाडायचे टॅप स्वतः बनवले. ५५ हजारांवर इंजिनं दिली. मस्टँग, लँकॅस्टर त्यावर उडाली. हा कारखाना हजारांश इंचात काम करत होता. तीच कंपनी चौदा वर्षांनी दरवाजाची रबर नीट बसवू शकली नाही, आणि त्या वेळी वन-ट्वेन्टी बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती.

डेट्रॉइटची शेवटची पॅकार्ड २५ जून १९५६ ला निघाली. नंतर साउथ बेंडला स्टुडबेकरवर पॅकार्डची पाटी लावून दोन वर्षं ढकलली. १९५८ ची पॅकार्ड हॉक तर ५८८ च झाल्या. कंपनीच्या नावातून 'पॅकार्ड' १९६२ मध्ये गेलं.

बारा_व्होल्ट

@जुना_पत्रा, रबरावरून आठवलं. १९५५-५६ च्या पुढच्या काचेतून पाणी येत असेल तर आधी नवीन रबर मागवू नका. काचेच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत पत्र्याचे दोन थर जिथे जुळतात तिथे फट राहिलेली असते, रबर कितीही चांगलं असलं तरी पाणी त्याच्या मागून उतरतं. आतून गालिचा काढा, दुसऱ्याला बाहेरून बारीक धारेने पाणी मारायला सांगा, खालून वर. कोपऱ्यात थेंब दिसला की काच काढून तो सांधा सीलंटने भरायचा, आणि मग रबर.